वीस दिवस

ताईच्या मुलाने थायलंडमध्ये एका बाईला स्कूटरने धडक दिली, आणि आमच्या अख्ख्या घरात मुदतीतला पासपोर्ट फक्त माझ्याकडे निघाला. शिवाय मी कोलकात्यात राहते. इथून बँकॉक विमानाने अडीच तासांवर आहे. ताईला नाशिकहून मुंबईचा विमानतळ गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. "आणि तुला भाषा येतात," ती फोनवर म्हणाली. मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते. थाईतलं एक अक्षरही मला वाचता येत नाही, हे मी तिला सांगितलं. "इंग्रजी येतं ना? त्याला तेही धड बोलता येत नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली.

ही फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. भाचा चोवीस वर्षांचा. मराठी माध्यमाची शाळा, मग डिप्लोमा, मग सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी. यंत्राचं मॅन्युअल इंग्रजीतून वाचतो, पण समोरचा माणूस इंग्रजी बोलायला लागला की याच्या तोंडून 'यस सर'पलीकडे काही निघत नाही. थायलंडने भारतीयांना साठ दिवसांपर्यंत व्हिसा माफ केल्यापासून त्याच्या ओळखीतली निम्मी पोरं तिकडे जाऊन आली होती. हाही तिघा मित्रांबरोबर गेला, आठ दिवसांची रजा टाकून. आयुष्यातला पहिला परदेश.

चिआंग मायहून डोंगरातल्या पाय नावाच्या गावाकडे जाणारा १०९५ क्रमांकाचा रस्ता वळणांसाठी प्रसिद्ध आहे. ७६२ वळणं, असं तिथे टी-शर्टांवर छापून विकतात. ती वळणं या चौघांनी मिनीव्हॅनमध्ये बसून, दोघांनी ओकत, पार केली. स्कूटर भाड्याने घेतली ती पायला पोचल्यावर. अपघात झाला तो गावाबाहेरच्या अगदी सरळ, सपाट रस्त्यावर, सकाळी आठ वाजता, दोन्ही बाजूंना लसणाची शेतं असताना. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात. त्यामुळे आपण परक्या देशात गाडी चालवतो आहोत, हे त्याच्या लक्षातच राहिलं नसावं.

स्कूटरवाल्याने पासपोर्ट अनामत म्हणून ठेवून घेतला होता, लायसन्स मागितलंच नव्हतं. लायसन्स होतं, नाशिक आरटीओचं. पण परदेशात चालवायचं तर त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. १९४९ च्या जिनिव्हा कराराखालची ती छोटी पुस्तिका आपल्याच आरटीओत हजार रुपयांत मिळते, वर्षभर चालते. ती काढायला रजा टाकावी लागली असती, म्हणून याने काढली नाही. ती नाही म्हणजे परवानाच नाही, आणि परवाना नाही म्हणजे प्रवासविमाही नाही. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत तसं स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही ते अपघातानंतर वाचलं. स्कूटरचा सक्तीचा विमा तेवढा कामी आला. त्याला तिथे 'पो रो बो' म्हणतात, आणि चूक कोणाची हे न विचारता तो जखमीच्या उपचाराला सुरुवातीचे तीस हजार बाथपर्यंत देतो.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. मित्र परतले होते, त्यांची रजा संपत होती. भाच्याच्या गुडघ्यांवर पट्ट्या, बाकी धडधाकट. पासपोर्ट आता स्कूटरवाल्याकडून पोलिसांकडे गेला होता. त्याला कोठडीत ठेवलं नव्हतं, फक्त गाव सोडायचं नाही असं सांगितलं होतं. चिआंग मायला भारताची वकिलात आहे. तिथे फोन केला. त्यांनी नोंद घेतली, वकिलांची यादी पाठवली आणि तिथल्या कायद्यात आम्ही ढवळाढवळ करू शकत नाही, हे समजावून सांगितलं. ते बरोबरच आहे, पण रात्री दोन वाजता ताईला ते कसं सांगायचं हा प्रश्न वेगळा.

पोलीस ठाण्यातला अधिकारी शांत माणूस होता. त्याने मला एक आकडा सांगितला: वीस.

थाई दंडसंहितेत निष्काळजीपणाने कोणाला इजा केली तर दोन वाटा आहेत. जखमी माणूस वीस दिवसांच्या आत आपल्या रोजच्या कामाला लागला, तर कलम ३९०: जास्तीत जास्त एक महिना कैद, आणि व्यवहारात बहुतेकदा दंड भरून, समझोता करून ठाण्यातच मिटतं. वीस दिवसांहून अधिक काळ त्याला काम करता आलं नाही किंवा तीव्र वेदना राहिल्या, तर ती गंभीर दुखापत. मग कलम ३००, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दोन्ही बाजू कितीही राजी असल्या तरी खटला कोर्टात जाणारच. त्या बाईचं उजवं मनगट सुजलेलं होतं. तालुक्याच्या इस्पितळाने हाड मोडल्याचा संशय लिहिला होता, नक्की काय ते पुढच्या तपासणीनंतर.

हे मी घरी कळवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका अनोळखी थाई बाईच्या मनगटाची काळजी सुरू झाली. काकांनी हाडं सांधण्याच्या औषधाचं नाव पाठवलं. भावजींनी विचारलं, त्यांना दूध-अंडी पोचवायची सोय होईल का. ताई नवश्या गणपतीला जाऊन बोलून आली: बाईचा हात वीस दिवसांत बरा होऊ दे, एकवीस मोदक करीन, आणि वर्षभर दर चतुर्थीला अनवाणी येईन. मीही रात्री झोपताना दिवस मोजत होते. एवढ्या मनापासून आम्ही कोणा परक्याचं भलं आजवर चिंतलं नव्हतं. एकविसाव्या दिवशी तिचा हात बरा झाला असता तर आमच्यापैकी कोणालाही आनंद झाला नसता, हेही तितकंच खरं.

जबाब नव्याने घ्यायचा होता. पहिल्या जबाबात अधिकाऱ्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं होतं, "यू फास्ट?" आणि याने सवयीने उत्तर दिलं होतं, "यस सर." खरं तर तो चाळिसाच्या पुढे नव्हता. त्यामुळे दुभाषी बोलावली. थाई फौजदारी कार्यपद्धती संहितेच्या तेराव्या कलमाने थाई न समजणाऱ्या संशयिताला दुभाषी मिळावा लागतो. आलेल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या, साठीच्या पुढच्या, पर्समध्ये दोन चष्मे. सुरू करण्याआधी त्यांनी हात जोडून शपथ घेतली. मी विचारलं, काय म्हणालात? त्यांनी सांगितलं: प्रामाणिकपणे भाषांतर करीन, त्यात काही भर घालणार नाही, काही गाळणार नाही. ही शपथ कायद्यातच लिहिलेली आहे.

गेली अठरा वर्षं मी अनुवाद करते. अशी शपथ माझ्याकडून कोणी घेतली नाही. मी विचारलं, मी पण घ्यायची का? कारण साखळी अशी ठरली होती की भाचा मराठीत बोलेल, मी इंग्रजीत सांगेन, त्या थाईत. त्या म्हणाल्या, "तुम्ही दुभाषी नाही. तुम्ही मावशी."

भाचा म्हणाला, "मी मॅपकडे बघत होतो. फोन हँडलला लावलेला होता. बाजूच्या पायवाटेने त्या सायकलवर कधी आल्या ते मला दिसलंच नाही. एकदम धक्का लागला."

मी इंग्रजीत म्हटलं, ती सायकलवरून बाजूच्या पायवाटेने अचानक आली, त्याला दिसली नाही आणि धडक झाली.

हे ओघात झालं, असं लिहायचा मोह होतो. ओघात नाही झालं. त्याने 'मॅप' म्हणताक्षणी मी ठरवलं होतं. 'अचानक' हा शब्द तर माझाच. बाईंनी माझं वाक्य जसंच्या तसं थाईत नेलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही. अधिकाऱ्याने टंकलं. भाचा माझ्याकडे बघत होता. बोलता येत नसलं तरी ऐकलेलं इंग्रजी त्याला कळतं.

त्या वाक्यात मराठीनेही मला हात दिला होता. 'मला दिसली नाही' यात बघण्याचं काम माझ्याकडे नाहीच. दिसायचं काम तिचं, ते तिने केलं नाही. 'धक्का लागला', 'हात मोडला', 'अपघात झाला'. आपल्याकडे या गोष्टी पाऊस पडावा तशा होतात. एरवी अनुवाद करताना ही रचना मला फार आवडते. कोणाला न दुखावता बोलण्याची ती सोय आहे. त्या टेबलाशी बसल्यावर कळलं की कोणाला सोडवण्याचीही आहे.

जबाबाच्या कागदावर वर्ष होतं २५६८, बुद्धाच्या निर्वाणापासून मोजलेलं. बाई एकेका ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवत होत्या. एका शब्दाशी त्या थांबल्या, कारण गुन्हा त्या शब्दातच होता. त्यांनी उच्चारला: प्रमात. मी दचकले. पुन्हा म्हणा, म्हटलं. प्रमात. आपला प्रमाद. थाईने तो संस्कृत-पालीतून घेतला आणि कायद्यात निष्काळजीपणासाठी बसवला. मग मी विचारत गेले, आणि शिक्षिकाच त्या, सांगताना खुलल्या. अपघाताला 'उबत्तिहेत', म्हणजे उत्पत्ती आणि हेतू. फौजदारी कायद्याला 'आया', म्हणजे आज्ञा. कोर्टाला 'सान', म्हणजे शाला. खटल्याला 'खदी', म्हणजे गती, जी आमची त्या दिवसांत अजिबात नव्हती. आणि 'थोत' म्हणजे दोष, पण थाईत दोषाचा अर्थ शिक्षाही होतो. तिथे माफी मागताना म्हणतात 'खो थोत'. शब्दशः, दोष मागतो. शिक्षा मागतो, असंही ऐकू येतं.

तुलनात्मक साहित्याच्या वर्गात असलं काही सापडलं असतं तर आठवडाभर मी त्या आनंदात फिरले असते. इथेही पाच मिनिटं विसरलेच होते की कुठे बसले आहे. मग भाच्याने विचारलं, "मावशी, काय चाललंय?" आणि मला लाज वाटली.

खोलीवर गेल्यावर तो शब्द पुन्हा घेऊन बसले. मराठीत प्रमाद जवळजवळ सभ्य झाला आहे. तो 'घडतो'. संपादकीयात 'अक्षम्य प्रमाद' वाचताना कोणाला तुरुंग आठवत नाही. बंगालीत तर 'प्रमाद गोना' म्हणजे प्रमाद मोजणं, पुढे येणाऱ्या संकटाच्या धास्तीने गर्भगळित होणं. ते माझं चाललंच होतं. पाली 'पमाद' या सगळ्यांपेक्षा नेमका आहे: लक्ष नसणं. धम्मपदाचा दुसरा वर्ग त्याच्या उलट गोष्टीचा, अप्पमादाचा. थाई कायद्याने हाच अर्थ उचलला आहे. वेग, दारू, वाईट हेतू यांतलं काही नसलं तरी चालतं. लक्ष नव्हतं, एवढं पुरे. म्हणजे मी जबाबातून जे गाळलं तोच नेमका गुन्हा होता.

"तू मोबाईलचं सांगितलं नाहीस," भाचा अंधारात म्हणाला.

"नाही."

"का?"

"तुझी आई विचारेल म्हणून." हे उत्तर नव्हतं. तो पुढे काही बोलला नाही.

दोन दिवसांनी दुभाषी बाईंनी सुचवलं की जखमी माणसाला भेटून यावं, फळांची टोपली घेऊन. तिथे तशी रीतच आहे; न गेलेला माणूस दगडाच्या काळजाचा ठरतो, आणि कोर्टातही ते लक्षात घेतलं जातं. या दुसऱ्या कारणासाठी आम्ही निघालो.

गावाबाहेर लाकडी घर, खाली उघडा ओटा. डोंगरांत शेतांची राखण पेटवण्याचे ते दिवस, सगळीकडे धूर, डोळे चुरचुरत होते. ओट्यावर लसणाचा ढीग. काढणी चालू होती. लसूण काढून वाळवायचा, पातीला पात बांधून जुड्या करायच्या, त्या वाशांना टांगायच्या. मुलगी आणि सून भराभर जुड्या बांधत होत्या. त्या शेजारी बसल्या होत्या, उजवा हात झोळीत, डाव्या हाताने पाती सारख्या करून पुढे सरकवत. इतके दिवस आम्ही घरात 'ती बाई, ती बाई' करत होतो. समोर बसल्यावर ते जमेना. त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या.

दुभाषी बाई काही कामाने आल्या नव्हत्या. मुलीच्या फोनवर भाषांतराचं ॲप होतं, पण ते इंग्रजीतून काहीतरी भलतंच बोलत होतं. भाच्याने टोपली ठेवली, हात जोडले आणि यूट्यूबवरून पाठ केलेलं 'खो थोत ख्रप' म्हटलं. मग खिशातून स्वतःचा फोन काढला. मॅप उघडला. फोन हँडलवर धरल्यासारखा समोर धरला. एक बोट डोळ्यांकडे नेलं आणि डोळ्यांकडून स्क्रीनकडे. मग मान वर करून, दचकल्यासारखं करून, त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं.

मी त्याचा दंड धरला होता. कशासाठी, ते आठवत नाही. बहुतेक थांबवण्यासाठीच.

मुलीने हातातली जुडी खाली ठेवली. त्या बराच वेळ फोनकडे बघत होत्या. मग त्या काहीतरी म्हणाल्या, लांबलचक, सुरात चढउतार असलेलं, आणि त्यात मला एकच शब्द ओळखू आला. रागाने म्हणाल्या की 'पुन्हा असं करू नकोस बाळा' अशा अर्थाने, ते कळायला मला मार्ग नव्हता. मुलगी ॲप पुढे करायला लागली तेव्हा त्यांनी तिला हातानेच नको म्हटलं. आम्हाला पाणी दिलं.

त्यानंतरचे सहा दिवस मी प्रमाद मोजले, बंगालीतले. मुलगी ठाण्यात जाऊन सांगेल, जबाब खोटा ठरेल, आणि खोट्या जबाबातला खोटेपणा माझा, पोराचा नाही, हे कोणाला कोणत्या भाषेत पटवायचं? ठाण्यातून फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. नव्या तपासणीचा कागद आला होता. मनगटाचं हाड मोडलेलं, प्लास्टर, सहा आठवडे. वीस दिवसांचा हिशेब तिथे संपला.

ताईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "अगं, लसणाचं काम ना त्यांचं? मग आता करतं कोण?" दुसऱ्या क्षणी तिला मुलाची तीन वर्षं आठवली.

बाकीचं भराभर झालं. ठाण्याच्या वरच्या खोलीत नुकसानभरपाईची बैठक. त्यांनी दीड लाख बाथ मागितले, आम्ही साठ म्हणालो. असं बोलताना कपड्याच्या दुकानात घासाघीस करतेय असं वाटत होतं. हंगामाची मजुरी, इस्पितळाच्या खेपा, मोडलेली सायकल, सगळं मांडून नव्वद हजारांवर ठरलं. म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या वर. भावजींनी ठेव मोडली. मोबाईलचा विषय निघाला नाही. मुलगी समोरच बसली होती. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं, तेवढंच. वकिलांनी सांगितलं की गुन्हा कबूल केला तर शिक्षा निम्म्यापर्यंत उतरते, आणि भरपाई दिलेली असेल तर न्यायाधीश बहुधा कैद स्थगित ठेवतात. प्रांताच्या मुख्य गावी, मे होंग सोनला, त्याच वळणांच्या रस्त्याने पुढे जावं लागलं. न्यायाधीशांनी विचारलं, दुभाषी बाईंनी इंग्रजीत विचारलं, मी मराठीत विचारायच्या आधीच भाचा म्हणाला, "यस सर." या वेळी ते बरोबर होतं. कैद स्थगित, दंड, परवान्याशिवाय गाडी चालवल्याचा वेगळा दंड. पासपोर्ट परत मिळाला तेव्हा साठातले तेहतीस दिवस झाले होते. आठ दिवसांच्या रजेवरचा माणूस, नोकरी गेलीच होती.

ठाण्यात जबाबाची एक प्रत मागून घेतली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. दुसऱ्या पानावर माझं वाक्य आहे, आणि खाली तिघांच्या सह्या: अधिकाऱ्याची, भाच्याची, दुभाषी बाईंची. माझी नाही.

मे महिन्यात मुलीने भाच्याला फोटो पाठवला. दोघांचा काहीतरी संपर्क राहिला आहे, ॲपवरून, कुठल्या भाषेत ते मी विचारलेलं नाही. फोटोत वाशांना टांगलेल्या लसणाच्या जुड्या आणि त्यांतली एक उजव्या हातात धरून उभ्या असलेल्या त्या. ताईने नवस फेडला. वीस दिवसांचा बोललो होतो, तो फळला नाही, मग फेडायचा कशाला, असं भावजींनी विचारून पाहिलं. तिने उत्तर न देता मोदकांचं नारळ खवायला घेतलं. रात्री तिचा मला फोन आला. तिने तो फोटो मोठा करून पाहिला होता.

"मनगट जरा वाकडंच बसलंय ना गं?" तिने विचारलं.

मी पुन्हा फोटो उघडला, बोटांनी मोठा केला.

"हो," मी म्हटलं.